तृप्तीच्या हातावरचं पाखरू

साडी नेसवताना टाचणी लागते, पण ती दिसता कामा नये, हे माझ्या मुलीला तिच्या मोठ्या आईनं शिकवलं. मोठी आई म्हणजे माझी थोरली जाऊ, झुंबरबाई. आम्ही नवीन जालन्यात राहतो. तृप्तीचे वडील सोमेश्वर इथल्या एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात आहेत. थोरले दीर रामकिसनदादा भोकरदन तालुक्यात धावड्याला शेती बघतात. मका, कपाशी, थोडी मिरची. भावांच्या वाटण्या केव्हाच झाल्या, पण महालक्ष्म्या वाटता येत नाहीत. त्या थोरल्या घरीच बसतात आणि भादव्यातले ते तीन दिवस बाकी सगळ्यांनी तिथं जायचं असतं.

झुंबरबाईंना दोन्ही मुलगे. आम्हाला एकटी तृप्ती. म्हणजे अख्ख्या घरात लेक म्हणावी अशी ती एकच. धावड्याची रीत अशी की महालक्ष्म्यांचे मुखवटे तुळशीपासून आत आणायचे ते लेकीनं, सुनेनं नाही. लक्ष्म्या माहेरी येतात, तर त्यांना आणायला माहेरवाशीणच पाहिजे, असं अक्का सांगायच्या. मी झुंबरबाईंना अक्का म्हणते. पूर्वी नणंदबाई आणायच्या, त्या वारल्या. मग तृप्तीला धड चालता येत नव्हतं तेव्हापासून मुखवट्याचं ताट तिच्या हातात आणि तिच्या हाताखाली अक्कांचा हात, असं ते सुरू झालं.

धावड्याच्या लक्ष्म्या जुन्या पत्र्याच्या कोठ्यांवर उभ्या राहतात. कोठीत गहू भरायचा, वरून साडी नेसवायची, मग मुखवटा. कोठीला कंबर नसते, खांदा नसतो. ते सगळं साडीनंच करावं लागतं. अक्का निऱ्या हातात घेऊन झटकायच्या तेव्हा पत्त्यांसारखा आवाज यायचा. तृप्ती शेजारी पाटावर उभी राहून एकेक टाचणी पुढं करायची. "पदर असा पाहिजे," अक्का म्हणायच्या, "की बाई आत्ता वळून बघंल आसं वाटावं." पाचवी-सहावीत असतानाच तृप्ती एकटी नेसवायला लागली. गल्लीतल्या बाया दर्शनाला यायच्या, औंदा कुणी नेसवल्या म्हणून विचारायच्या आणि ही दाराआड उभी राहून ऐकायची. अक्कांनी मग आपल्या लग्नातली पितळी डबी तिला दिली, टाचण्या ठेवायला.

पुढं बी. कॉम. करता करता तिनं त्याच डबीवर काम सुरू केलं. जालन्यात लग्नसराई आली की नवरीला साडी नेसवायला हिला बोलावणी यायची. पिशवीत डबी, गळ्यात मोजायची टेप, आणि ऑटोनं या कार्यालयातून त्या कार्यालयात. एका वर्षी संभाजीनगरच्या एका सौंदर्यस्पर्धेत मुलींना नऊवारी नेसवायला ती गेली. परत आली ती वेगळीच होऊन. म्हणाली, आई, त्या मुलींना चालायचं कसं, थांबायचं कसं, हे शिकवतात. आणि मी बघत होते, मला ते येतं. मला तेव्हा हसू आलं. ते तिला येत होतंच. मुखवट्याचं ताट धरून, पाठ ताठ ठेवून, कुंकवाच्या पावलांवर बरोबर पाऊल टाकत ती इतकी वर्षं चालत आली होती.

पुढच्या वर्षी तिनं स्पर्धेत नाव दिलं. वडिलांना सांगितलं तेव्हा सोमेश्वर टीव्ही बघत होते. त्यांनी आवाज वाढवला नाही, बंदही केला नाही. जेवताना म्हणाले, कपडे बघून घाल. त्यांच्या बाजूनं परवानगीचं एवढंच बोलणं झालं.

त्याच आठवड्यात तिनं हातावर ते पाखरू काढून घेतलं. डाव्या मनगटाच्या वर, आतल्या अंगाला, माझ्या करंगळीएवढं. पंख पसरलेलं, चोच किंचित वर. मी पहिलं विचारलं ते, दुखलं का. दुसरं विचारलं, ह्याचा अर्थ काय. ती म्हणाली, "अर्थ काही नाही गं. आवडलं."

ह्या उत्तराचाच पुढं सगळ्यांना राग आला असं मला वाटतं. देवाचं नाव असतं, आईबापाचं नाव असतं, तर लोकांनी चालवून घेतलं असतं. नुसतं आवडलं म्हणून मुलीनं अंगावर काही कायमचं काढून घ्यावं, हे कुणाच्या पचनी पडेना. एक स्थळ घरी आलं होतं, मुलगा चांगला शिकलेला. पोहे झाले, आणि मुलाच्या आईनं तृप्तीचा हात हातात घेऊन अंगठा पाण्यात बुडवला आणि पाखरावर घासून बघितला. हे जातं का, म्हणाल्या. तृप्तीनं हात काढून घेतला नाही. "जात नाही काकू," ती शांतपणे म्हणाली, "पण उडतही नाही." मुलगा हसला, त्याची आई हसली नाही. त्या स्थळाकडून पुन्हा फोन आला नाही.

स्पर्धेत तिला पहिल्या तिघींत नंबर मिळाला नाही. चालण्याचं बक्षीस मिळालं. एका फेरीत लांब निळा गाऊन होता, मी शिंप्याकडं स्वतः बसून त्याचा गळा वर घ्यायला लावला होता. पण कुणीतरी त्या चालण्याचं तेवढंच चित्रण कापून घेतलं, त्याला मोठ्या आवाजातलं गाणं लावलं, आणि दोन दिवसांत ते धावड्याच्या ग्रुपवर पोचलं. त्याच कार्यक्रमात तिला एक प्रश्नही विचारला होता आणि तिनं चांगलं उत्तर दिलं होतं. तो पूर्ण व्हिडिओ मी घरच्या ग्रुपवर टाकला. पण तो लांब होता. कुणी उघडला नाही.

त्या वर्षी महालक्ष्म्यांना आम्ही धावड्याला उतरलो तर भावकीतले कडूबा ओट्यावरच बसलेले. ते सगळ्यांची फिरकी घेतात, कुणाला सोडत नाहीत. म्हणाले, "चालायचं बक्षीस भेटलं म्हणं तुला? आमची म्हैस रोज दोन कोस चालती, तिला कोनी इच्यारत न्हाई."

"पाठवा की काका स्टेजवर," तृप्ती म्हणाली, "साडी मी नेसवते."

ओट्यावरचे सगळे खदखदून हसले, कडूबा सगळ्यांत जास्त. मला वाटलं, सुटलो. पण घरात बाया बसल्या होत्या, आणि त्या हसत नव्हत्या.

अक्कांनी तृप्तीला जवळ घेतलं नाही. पाणी दिलं, बस म्हणाल्या. देवघरात कोठ्या उभ्या होत्या आणि त्यांच्या पुढ्यात दोन शिवलेल्या साड्या, बाजारात तयार मिळतात तसल्या, निऱ्या-पदर सगळं शिवून वर बंद लावलेल्या. तृप्तीनं पिशवीतून डबी काढली होती, ती तिच्या हातातच राहिली. औंदा शिवलेल्याच आणल्यात, अक्का म्हणाल्या, तू दमून आलीस. आणि मुखवटे शीतल आणील. शीतल म्हणजे त्यांची थोरली सून. ती बिचारी खाली मान घालून वाती वळत होती.

शेजारच्या साळूबाई म्हणाल्या, "बराबर हाये. लक्ष्म्यांचं काम हाये, कोनाच्याबी हातानं कसं चालंल?"

साळूबाईंच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके आहेत. अक्कांच्या डाव्या हातावर विंचू आहे, उजव्यावर तुळस. तिथं बसलेल्या म्हाताऱ्या बायांपैकी एकीचाही हात कोरा नव्हता. कोपरापर्यंत हिरवे हात मांडीवर ठेवून त्या सगळ्या माझ्या लेकीच्या मनगटाकडं बघत होत्या. हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. तृप्तीच्या तर आलंच असणार. ती डबी पिशवीत ठेवून भिंतीशी जाऊन बसली.

संध्याकाळी शीतल मुखवटे घेऊन उंबऱ्याशी आली. आमच्याकडं आतून एका बाईनं विचारायचं असतं, कोण आलं, आणि आणणारीनं उत्तर द्यायचं असतं. साळूबाईंनी विचारलं. शीतल उत्तर द्यायला लागली, आणि मी बघितलं, भिंतीशी बसलेल्या तृप्तीचे ओठ हलत होते. प्रत्येक शब्दाला. आवाज न करता.

त्या शिवलेल्या साड्या धावड्याच्या उंच कोठ्यांना आखूड झाल्या. खाली वीतभर पत्रा दिसत राहिला. कडूबा दुसऱ्या दिवशी दर्शनाला आले आणि हात जोडता जोडता म्हणाले, पोरीला नावं ठेवली अन् लक्ष्म्यांनाच गाऊन घातला का वहिनी. त्यावर मात्र कुणी हसलं नाही. तृप्ती तेव्हा तिथं नव्हती. नैवेद्याचं ताट जेवून ती मागच्या दारानं मक्यात गेली होती. तिसऱ्या दिवशी, लक्ष्म्या उठायच्या आधीच, तिनं भोकरदनची गाडी धरली.

त्यानंतर महिन्याभरात ती पुण्याला गेली. तिथं एका साड्यांच्या मोठ्या दुकानात नवरीची साडी नेसवायचं काम आहे, राहायला दोघी मैत्रिणींबरोबर खोली आहे. सगळं बरं आहे. जालन्याला ती दिवाळीला येते. धावड्याला जायचं नाव काढत नाही. पण भादवा जवळ आला की तिच्या फोनची तऱ्हा बदलते. मका किती वर आला असेल गं. ह्या वर्षी साड्या कुठल्या रंगाच्या घेतल्या. शीतलवहिनीनं पदर कसा घेतला, फोटो पाठव. मी फोटो पाठवायची. ती तो बघायची, ते मला फोनवर दिसायचं. उत्तर यायचं नाही. एकदा फक्त तिनं लिहिलं, धाकटीचा डावा खांदा पडलाय. बस्स.

गेल्या वर्षी रामकिसनदादांनी आपल्या परीनं सांधायला बघितलं. दादा साधे आहेत. त्यांना वाटलं, पोरीचा मान राहिला नाही म्हणून ती रुसली, तर तिला पूर्ण मान देऊ. ते जालन्याला आले, सोबत कुंकू, अक्षता, खण-नारळ. मला फोन लावायला लावला आणि उभं राहून, टोपी नीट करून, म्हणाले, "तृप्ताबाई, आमच्याकडं लक्ष्म्या हायेत. परवा जेवायला यायचं बरं का."

अगदी ह्याच शब्दांत आम्ही परक्या घरच्या सवाष्णीला आवतन देतो. लेकीला आवतन नसतं. लेकीला कुणी या म्हणत नाही. ती उशिरा आली तर तिला रागावतात. दादांच्या हे लक्षात आलं नाही. ते अक्षता माझ्या हातात देऊन, मोठं काम झाल्यासारखे बसले आणि चहा प्याले.

तृप्ती त्यांच्याशी नीट बोलली, हो मोठे बाबा म्हणाली. दादा गेल्यावर तिचा मला फोन आला. ती हसत होती, पण ते हसणं मला ऐकवेना.

"आई," ती म्हणाली, "मला आवतन आलं."

मग ती आली नाही. तिच्यासाठी ठेवलेला खण अजून माझ्या कपाटात आहे.

या श्रावणात अक्कांच्या डोळ्याचं ऑपरेशन जालन्यात झालं. मोतीबिंदू. काही दिवस त्या आमच्याकडं होत्या आणि मी त्यांना तृप्तीच्या खोलीत झोपवलं, कारण तीच खोली जिन्यापासून लांब आणि शांत आहे. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला होता, टीव्ही-मोबाइल बघायचं नाही म्हणून बजावलं होतं. दुसऱ्या डोळ्यानं त्यांना तसंही धूसरच दिसतं. त्यामुळं त्या दिवसभर खोलीत हातानं चाचपून बघत. ही काय, खुर्ची का. ही काय, तिची ओढणी का. भिंतीवर त्या स्पर्धेतला पट्टा टांगलेला आहे, सॅटिनचा. त्यावरून त्यांनी पुन्हा पुन्हा बोटं फिरवली आणि मला विचारलं, ह्याच्यावर काय लिवलंय. मी सांगितलं, तिचं नाव आणि जालना.

"जालना लिवलंय?" म्हणाल्या.

दुपारी मी त्यांच्या डोळ्यात थेंब घालत होते तेव्हा त्यांचा डावा हात माझ्या मांडीवर होता. विंचू आता सुरकुत्यांत पसरून विंचवासारखा राहिला नाही, पण नांगी ओळखू येते. मी सहज विचारलं, अक्का, हा कुणी काढला. त्यांनी जे सांगितलं ते मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. न्हाण आलं नव्हतं तेव्हाची गोष्ट, माहेरच्या जत्रेत गोंदणारी बसली होती. मैत्रिणी तुळस, पाळणा असलं काढून घेत होत्या. अक्कांनी विंचू काढला. बाप महिनाभर बोलला नाही. लग्न होऊन धावड्याला आल्या तर सासूनं पहिल्या दिवशी हात पालथा करून बघितला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, हिच्या हातचं पाणी झोंबंल.

"मग विंचूच का काढला अक्का?"

"आवडला," त्या म्हणाल्या.

थेंब डोळ्यात न पडता त्यांच्या गालावर पडला. त्यांनी पदरानं पुसला. मग आपणच पुढं बोलल्या, हळू, चष्म्याच्या आडून. "त्या साली मला भ्या वाटलं, उमा. लक्ष्म्यांचं न्हाई. बायांचं."

मी त्यांना म्हटलं, तुम्हाला एक ऐकवते, बघायचं नाहीये, नुसतं ऐकायचं. आणि तो लांब व्हिडिओ लावला. त्यात एक बाई इंग्रजी मिसळून प्रश्न विचारते, तुमच्या आयुष्यातली आदर्श स्त्री कोण. थोडा वेळ खुडबुड, टाळ्या. मग तृप्तीचा आवाज येतो, घाबरलेला, नेहमीपेक्षा बारीक. ती म्हणते, माझी मोठी आई, झुंबरबाई. धावड्याला असते. तिनं मला शिकवलं की टाचणी आपण लावायची, पण सगळ्यांना साडीच दिसली पाहिजे.

अक्का पलंगावर ताठ बसल्या होत्या. "पुन्यांदा लाव," म्हणाल्या. मी लावला. "माझं नाव घेतलं का तिनं? तितल्या लोकांत?" मी म्हटलं, हो. "गावाचंबी?" हो. पुन्हा लाव म्हणाल्या. चौथ्यांदा लावल्यावर मला म्हणाल्या, तिला फोन लाव.

माफी मागायची रीत आमच्या घरात नाही, आणि अक्कांना तर ती येतच नाही. तृप्तीनं फोन उचलताच त्या रागावल्यासारख्याच बोलायला लागल्या. "डोळा कापलाय माझा. दिसत न्हाई. लक्ष्म्या महिन्यावर आल्यात, निऱ्या कोन घालनार?"

मग तृप्ती म्हणाली, "शीतलवहिनी आहेत की."

"तिच्यानं पदर उभा राहत न्हाई. तुला ठावं हाये."

"मोठी आई," तृप्ती म्हणाली, "माझ्या हातावर पाखरू आहे अजून."

"आसू दे. मी काय त्याला हुसकून लावू?" अक्का म्हणाल्या. "जल्दी ये म्हंजे झालं. उशीर करू नको."

तृप्ती येते म्हणाली नाही. सुट्टी मिळते का बघते, म्हणाली. दुकानात तेव्हाच सणाच्या साड्यांची गर्दी सुरू होते. अक्कांनी फोन माझ्याकडं दिला आणि चष्मा काढून पुसला, जो काढायचा नव्हता.

आवाहनाच्या दिवशी आम्ही सकाळीच धावड्याला पोचलो. तृप्तीचा काही निरोप नव्हता. मी दर थोड्या वेळानं फोन बघत होते आणि सोमेश्वर मला, सारखा काय बघतेस म्हणून, दटावत होते आणि स्वतः फाट्यापर्यंत जाऊन येत होते. देवघरात गहू भरलेल्या दोन्ही कोठ्या उघड्या उभ्या. साध्या, न शिवलेल्या दोन साड्या घडी करून पाटावर. शीतलनं दोनदा विचारलं, आत्याबाई, नेसवायला घेऊ का. अक्का दाराशी चष्मा लावून बसल्या होत्या. थांब, म्हणाल्या. साळूबाई येऊन बघून गेल्या. दिवस कलायला लागला तेव्हा गल्लीतल्या बाया जमल्या आणि कोठ्या तशाच बघून कुजबुजायला लागल्या. आजवर असं कधी झालं नव्हतं. मुहूर्त टळेल, दादा म्हणाले. अक्का म्हणाल्या, टळत न्हाई.

तृप्ती एका मोटरसायकलच्या मागं बसून आली. फाट्यावरून पुढं गाडी नव्हती, तिथं कडूबा भेटले, त्यांनी आणलं. ते ओट्यावरूनच ओरडले, "घ्या, चालायचं बक्षीस घेतल्याली चालत न्हाई आली!"

तिनं अर्ध्या बाहीचा ड्रेस घातला होता. ती आत आली, अक्कांच्या पायाशी वाकली. "आता येऊन राह्यली का," अक्का म्हणाल्या. "दिवस बुडाला की." एवढंच रागावणं. पण मी तृप्तीचा चेहरा बघितला. इतकी वर्षं ती ह्याच वाक्यासाठी कासावीस झाली होती.

मग तिनं हातपाय धुतले आणि डबी उघडली. मी निऱ्या झटकल्याचा तो आवाज ऐकला. अक्का शेजारी उभ्या राहून बोटांनी खांदा चाचपत, इथं जरा वर घे, म्हणत होत्या, आणि टाचण्या शीतल पुढं करत होती. कोठ्यांना कंबर आली. पदर आला. थोरलीचा पदर असा की ती आत्ता वळून बघेल.

आणि मग मुखवटे. तृप्तीनं तुळशीपाशी ताट उचललं. शीतलनं वाटेत कुंकवाची पावलं काढली होती. ती त्यांच्यावरून चालत आली, पाठ ताठ, नजर समोर. ताट धरताना तिचा हात पुढं झाला आणि पाखरू सगळ्यांना दिसलं, मुखवट्याच्या बरोबर खाली. ती उंबऱ्याशी थांबली. आता आतून विचारायचं होतं.

साळूबाई विचारणारी. त्या बोलेनात. बाकीच्या बाया एकमेकींकडं बघत राहिल्या. आतून कुणी विचारल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. कुणीच विचारलं नाही तर ताट धरून उभं राहायचं. मी आई, लेकीला आईनं विचारायचं नसतं, तशी रीतच नाही, तरी माझ्या घशाशी शब्द आला होता.

"कोन आलं?" अक्कांनी विचारलं.

त्या दारात नव्हत्या, मागं देवघराशी होत्या. काळ्या चष्म्यातून त्यांना उंबरा दिसतही नसेल. पण आवाज सगळ्या घरात गेला.

"महालक्ष्म्या आल्या," तृप्ती म्हणाली.

"कशाच्या पावलानं आल्या?"

"सोन्यारुप्याच्या पावलानं आल्या."

"आनखी कशाच्या?"

तृप्तीला पुढं बोलता येईना. शीतल शेजारून हळूच म्हणाली, धनधान्याच्या म्हणा ताई. मग ती म्हणाली. साळूबाईंनी चमच्यानं ताट वाजवायला सुरुवात केली, जरा उशिरानं, पण जोरात. आणि माझी मुलगी उंबरा ओलांडून आत आली.

ह्यामुळं सगळं बदललं असं मला लिहिता येणार नाही. दुसऱ्या दिवशी जेवायला आलेल्या बायांपैकी दोघी तृप्तीच्या पंगतीला बसल्या नाहीत. लग्नाचं कुणी विचारलं की मी अजूनही विषय बदलते, आणि तिचे वडील अजून तिच्या हाताकडं सरळ बघत नाहीत. पाणी दे म्हणताना भिंतीकडं बघून म्हणतात. आणि आली ती तीन दिवसांसाठीच. मला वाटलं होतं, एकदा धावड्याचा उंबरा ओलांडला की ती जालन्यालाही परत येईल, तिची खोली तिची होईल. मी तसं विचारलंही. ती म्हणाली, आई, तिथं माझं काम आहे. खरंच आहे. तिच्या हाताखाली आता दोन मुली शिकतात.

तिसऱ्या दिवशी लक्ष्म्यांना दहीभात दिला, मुखवटे जरासे हलवले, म्हणजे त्या निघाल्या. सगळ्या बाया पुन्हा या, पुन्हा या म्हणत होत्या. तृप्तीची पिशवीही त्याच दाराशी होती. अक्का कोठीजवळ उभ्या राहून साडीच्या निऱ्या एकेक सोडवत होत्या, न बघता, बोटांनी, आणि काढलेली प्रत्येक टाचणी डबीत टाकत होत्या. तृप्ती पाया पडली तेव्हा त्यांनी तिचं मनगट धरलं, अंगठा त्या पाखरावर फिरवला. बाहेरून गाडीचा हॉर्न वाजला तसा सोडला.

आत्ता तिची बस पुण्याच्या वाटेवर आहे. पोचले म्हणून मेसेज येईपर्यंत मला झोप लागणार नाही, हे तिला माहीत आहे. मघाशी तिनं विचारलं होतं, आई, माझी डबी तुझ्याकडं राहिली का, पिशवीत नाहीये. मी सगळं उचकून बघितलं, नव्हती. म्हणून धावड्याला फोन केला.

फोन शीतलनं उचलला आणि अक्कांना दिला. डबी बघितली का, मी विचारलं.

"हाये माझ्यापाशी," अक्का म्हणाल्या. "मीच ठिवून घेतली. सांगू नको."

मी अजून सांगितलेलं नाही.